भाजलेला रुग्ण कॅज्युअल्टीत आला की: पहिल्या चोवीस तासांचं काम

हा लेख ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत कॅज्युअल्टी सांभाळणारे वैद्यकीय अधिकारी, सिस्टर आणि १०८ वर ड्युटी करणारे डॉक्टर यांच्यासाठी आहे. बर्न्स सेंटर दोन-चार तासांवर आहे, हाताशी ऑक्सिजन, आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) आणि कॅथेटर आहे, भूलतज्ज्ञ मात्र असेलच असं नाही, हे गृहीत धरलं आहे. पहिल्या दिवशी जे बिघडतं ते चुकीच्या मलमामुळे क्वचितच बिघडतं. श्वासनलिकेची सूज उशिरा लक्षात येते, टक्केवारी चुकते, सलाईनचा हिशोब रुग्ण दवाखान्यात आल्याच्या वेळेपासून मांडला जातो आणि लघवी कुणी तासातासाला मोजत नाही. म्हणून लेखाचा मोठा भाग या चार गोष्टींवर आहे.

पाणी आणि घड्याळ

भाजल्यापासून तीन तासांच्या आत रुग्ण आला असेल तर जखमेवर वाहतं साधं पाणी २० मिनिटं सोडायचं. घरी कुणी ओतलं नसेल तर कॅज्युअल्टीतही सोडायचं. दीड तास उलटून गेला म्हणजे उपयोग नाही, असं नाही. नळाचं पाणी पुरेसं थंड असतं. बर्फ किंवा बर्फाचं पाणी नको. त्याने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि काठावरची वाचू शकणारी त्वचाही मरते. लहान मूल असेल किंवा भाजलेला भाग मोठा असेल तर जखम थंड करताना माणूस गार पडू द्यायचा नाही. पंखा बंद, उरलेलं अंग कोरड्या ब्लँकेटमध्ये, आणि मूल थरथरायला लागलं तर पाणी थांबवायचं. मोठ्या जखमेत श्वास आणि शिरेची सोय आधी, पाणी त्यासोबत जमेल तेवढं.

कपडे काढायचे. नायलॉन किंवा पॉलिस्टरची साडी वितळून चिकटली असेल तर ओढायची नाही, चिकटलेल्या भागाभोवतीने कात्रीने कापायची. बांगड्या, अंगठ्या, जोडवी, पैंजण, करदोटा, मनगटावरचा धागा लगेच काढायचे, मग तो हात भाजलेला असो वा नसो. चार तासांनी सुजेमुळे अंगठी निघत नाही आणि मग कटर शोधत फिरावं लागतं. मंगळसूत्र काढताना नातेवाईक कचरतात. ते काढून, नोंद करून, सही घेऊन ताब्यात द्यावं. टूथपेस्ट, शाई, हळद, शेण जे काही लावून आणलं असेल ते पाण्याने धुऊन काढावं, नाहीतर खालची जखम दिसतच नाही.

गुऱ्हाळाच्या काहिलीतली काकवी किंवा उकळता गूळ अंगावर उडाला असेल तर तो खरवडायचा नाही. तो पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि चिकटून राहतो, म्हणून जखम दिसते त्याहून खोल असते. पाण्याखाली धरला की आपोआप विरघळतो.

पाणी चालू असतानाच एक प्रश्न विचारायचा: किती वाजता भाजलं? उत्तर केसपेपरच्या डोक्यावर ठळक लिहायचं. पुढचं सगळं गणित या वेळेवर उभं राहतं.

श्वास: उद्यावर ढकलायचा नाही

बंद खोलीत आग लागली होती का, तिथे बेशुद्ध पडला होता का, हे आधी विचारा. मग पाहा: नाकातले केस किंवा भुवया जळल्यात, तोंडात काजळी आहे, थुंकी काळी येते, आवाज घोगरा झालाय, ओठ आणि जीभ सुजलीये. श्वास घेताना घर्र आवाज येत असेल तर उशीर होऊ लागलाय, नक्की.

नुसता चेहरा भाजला म्हणून प्रत्येकाला श्वासनलिकेत नळी टाकायची (इंट्युबेशन) नाही. स्वयंपाक करताना भडका उडून भुवया जळल्यात पण आवाज स्वच्छ आहे, गिळता येतंय, असा रुग्ण डोकं ३० ते ४५ अंश उंच ठेवून दर पंधरा-वीस मिनिटांनी आवाज ऐकत ठेवता येतो. पण आवाज बदलला, तोंडाच्या आत सूज किंवा काजळी दिसली, चेहऱ्यासह मानही खोल भाजली किंवा एकूण ४० टक्क्यांच्या वर भाजलेल्या रुग्णाला दोन तासांच्या प्रवासाला पाठवायचं असेल, तर इंट्युबेशन आत्ता, इथेच. सूज पहिल्या काही तासांत वाढतच जाते. सकाळी सोपी वाटणारी नळी दुपारी अॅम्ब्युलन्समध्ये अशक्य होते.

प्रौढाला शक्यतो ८ नंबरची किंवा निदान साडेसातची नळी वापरावी. काजळी आणि निघालेल्या आवरणाचे तुकडे अरुंद नळीत अडकतात, शिवाय पुढे ब्राँकोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका तपासणं) लागू शकते. नळी कापून आखूड करायची नाही, चेहरा सुजला की ती तोंडात आत ओढली जाते. भाजलेल्या ओलसर चेहऱ्यावर चिकटपट्टी टिकत नाही. सुती नाडीने बांधा आणि दर तासाला सैल-घट्ट पाहा. सक्सामेथोनियम (नळी टाकताना स्नायू सैल करणारं औषध) पहिल्या २४ तासांत चालतं. त्यानंतर पोटॅशियम धोकादायक वाढतं, म्हणून टाळायचं. मान पुढून खोल भाजली असली तरी अगदीच नाईलाज झाला तर क्रिकोथायरॉइडोटॉमी (गळ्याला पुढून छेद देऊन श्वासमार्ग उघडणं) त्याच जळलेल्या कातडीतून करायची.

बंद जागेतल्या धुरातून आलेल्या प्रत्येकाला रिझर्व्हॉयर मास्कने १५ लिटर ऑक्सिजन. इथे पल्स ऑक्सिमीटर फसवतो: कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं, आणि ९९ आकडा दाखवत असताना रुग्ण गुदमरत असतो. डोकेदुखी, उलटी, गोंधळलेपण असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. साध्या हवेत कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. त्यामुळे मास्क निदान सहा तास काढायचा नाही.

डोळे आत्ताच तपासा. चार तासांनी पापण्या सुजून मिटतात आणि कॉर्निया कुणालाच दिसत नाही.

टक्केवारी: घाई इथे महाग पडते

प्रौढासाठी नऊचा नियम सगळ्यांना पाठ असतो: डोकं-मान ९, प्रत्येक हात ९, धडाची पुढची बाजू १८, मागची १८, प्रत्येक पाय १८, जननेंद्रियाचा भाग १. चुका होतात त्या तीन ठिकाणी.

पहिली चूक, लालसरपणा मोजणं. नुसती लाल, कोरडी, फोड नसलेली त्वचा उन्हाने रापल्यासारखी असते. ती मोजायची नाही. ती धरली की २० टक्क्यांचा रुग्ण ३५ चा होतो आणि त्याला दीडपट-दुप्पट सलाईन जातं.

दुसरी, मुलांना मोठ्यांचा नियम लावणं. वर्षाच्या आतल्या बाळाचं डोकं १८ टक्के आणि प्रत्येक पाय सुमारे १४ टक्के असतो. त्यापुढे दर वर्षाला डोक्यातून १ वजा करून प्रत्येक पायात अर्धा मिळवायचा. दहाव्या वर्षी प्रमाण मोठ्यांसारखं होतं. म्हणजे चार वर्षांच्या मुलाचं डोकं १५ आणि प्रत्येक पाय साडेपंधरा. वयानुसार टक्केवारी देणारा लंड-ब्राउडरचा तक्ता छापून भिंतीवर लावलेला असेल तर हे गणित करायची गरजच नाही.

तिसरी, ठिकठिकाणी विखुरलेल्या डागांचा अंदाज नजरेने बांधणं. इथे हाताचा पंजा वापरा: बोटांसह तळहात म्हणजे साधारण १ टक्का. तळहात रुग्णाचा, तुमचा नाही. दोन वर्षांच्या मुलावर आपल्या पंजाने मोजलं की आकडा निम्म्याहून खाली येतो.

खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे भाजलेला भाग एकाने मोजावा आणि न भाजलेला दुसऱ्याने. बेरीज शंभरच्या जवळ आली नाही तर पुन्हा मोजा. पाठ पाहायला रुग्णाला कुशीवर वळवायचं विसरू नका. केसांच्या आत, काखेत, स्तनांच्या खाली आणि दोन्ही नितंबांमध्ये जखमा लपतात.

पुढच्या हिशोबासाठी एक उदाहरण घेऊ. ६० किलो वजनाची बाई, पदर स्टोव्हवर पेटला. धड पुढून पूर्ण १८, उजवा हात पूर्ण ९, दोन्ही मांड्या पुढून मिळून ९, चेहरा आणि मान पुढून ४. एकूण ४० टक्के.

खोली

वरवरच्या अर्धजाडीच्या (त्वचेची पूर्ण जाडी न जळलेल्या) जखमेत फोड असतात, फोडाखाली गुलाबी ओली त्वचा असते, बोटाने दाबून सोडलं की पांढरी होऊन दोन सेकंदांत रंग परत येतो, आणि हात लावू देत नाही इतकं दुखतं. अशी जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. खोल अर्धजाडीची जखम गडद लाल ठिपकेदार दिसते, दाबल्यावर रंग हलत नाही किंवा फार हळू परततो, आणि दुखणं कमी झालेलं असतं. पूर्ण जाडीची जखम पांढरी, पिवळट, तपकिरी किंवा कोळशासारखी, चामड्यासारखी कडक असते. आत गोठलेल्या शिरांचं जाळं दिसतं आणि सुई टोचलेली कळत नाही.

"दुखत नाही, म्हणजे फार नाही" असं नातेवाईक सांगतात तेव्हा बहुतेक वेळा परिस्थिती उलटी असते.

पहिल्या दिवशीचं खोलीचं निदान अनुभवी माणसाचंही चुकतं, कारण जखम पुढचे ४८ ते ७२ तास बदलत असते. सलाईन कमी पडलं, रुग्ण गार पडला किंवा जंतुसंसर्ग झाला तर मधल्या थरातली अर्धमेली त्वचा मरते आणि वरवरची जखम खोल होते. म्हणून पहिल्या दिवशी खोली लिहा, पण त्यावर वाद घालत बसू नका. सलाईनच्या गणितात अर्धजाडी आणि पूर्ण जाडी दोन्ही सारख्याच धरल्या जातात.

सलाईन

प्रौढाला १५ ते २० टक्क्यांच्या वर आणि मुलांना १० टक्क्यांच्या वर भाजलं असेल तर शिरेतून सलाईन लागतंच. दोन जाड इंट्राकॅथ टाका, १६ किंवा १८ नंबरच्या. न भाजलेली जागा नसेल तर भाजलेल्या कातडीतूनही चालतं, फक्त टाका घालून पक्कं करा. शीर मिळत नसेल तर नडगीच्या हाडातून. द्रव आरएल. एनएसने (नॉर्मल सलाईनने) क्लोराइड वाढून आम्लता वाढते. डेक्स्ट्रोजने साखर लघवीतून जाते आणि सोबत पाणी ओढून नेते, मग लघवी भरपूर दिसते आणि रुग्ण आतून कोरडा असतो.

टक्केवारी मोजून होईपर्यंत थांबायचं नाही. मोठी जखम दिसली की १४ वर्षं आणि त्यावरील रुग्णाला ताशी ५०० मिली, ६ ते १३ वर्षांच्या मुलाला ताशी २५० आणि ५ वर्षांपर्यंतच्या मुलाला ताशी १२५ मिली चालू करा. मोजणी झाली की दर बदला.

पार्कलँडचं सूत्र म्हणजे ४ मिली × वजन × टक्के, निम्मं पहिल्या आठ तासांत आणि निम्मं पुढच्या सोळा तासांत. डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयातल्या बॅक्स्टर यांचं हे १९६८ चं सूत्र अजून परीक्षेत विचारलं जातं, आणि पहिला आकडा म्हणून चुकीचं नाही. पण व्यवहारात रुग्णांना त्याहूनही जास्त सलाईन जात राहिलं आणि सुजेने पोट, हातपाय, फुप्फुसं तुंबू लागली. म्हणून अमेरिकन बर्न असोसिएशनच्या प्रशिक्षणात आता सुरुवात प्रौढाला २ मिली, १३ वर्षांपर्यंतच्या मुलांना ३ मिली आणि उच्च दाबाच्या विजेने भाजल्यास ४ मिलीने करायला शिकवतात. आमचं मतही हेच: कमीने सुरू करा आणि लघवीकडे पाहून वाढवा. जास्त गेलेलं परत काढता येत नाही.

वरच्या बाईचं गणित: २ × ६० × ४० = ४८०० मिली. निम्मं २४०० पहिल्या आठ तासांत. भाजली सकाळी ७ ला, आली ९ ला. आठ तास संपतात दुपारी ३ ला, संध्याकाळी ५ ला नाही. म्हणजे २४०० मिली ६ तासांत, ताशी ४००. वाटेत प्राथमिक आरोग्य केंद्रात ५०० मिली दिलं असेल तर ते वजा करा: १९०० मिली, ताशी साधारण ३१५. दुपारी ३ नंतर उरलेले २४०० मिली १६ तासांत, ताशी १५०.

इन्फ्युजन पंप नसेल तर थेंब मोजा. मिलीला २० थेंबांच्या सेटवर ताशी मिलीला ३ ने भागलं की मिनिटाचे थेंब मिळतात: ४०० ला १३३. एका सेटवर एवढे थेंब डोळ्याने मोजता येत नाहीत, म्हणून दोन शिरांतून प्रत्येकी ६७. सेटच्या पाकिटावर थेंबांची संख्या छापलेली असते, ती पाहून घ्या. १५ चा सेट असेल तर ४ ने भागायचं.

मुलांत दोन हिशोब वेगळे चालतात. १२ किलोचं मूल, गरम पाण्याने १५ टक्के पोळलं, तासाभरात आलं. ३ × १२ × १५ = ५४० मिली आरएल; निम्मं २७० मिली उरलेल्या ७ तासांत, ताशी ३९. याशिवाय रोजच्या गरजेचं डेक्स्ट्रोज घातलेलं आरएल: पहिल्या १० किलोला ताशी ४ मिली दराने ४० आणि वरच्या २ किलोला ताशी २ मिली दराने ४, म्हणजे ताशी ४४. लहान मुलांच्या यकृतात साखरेचा साठा थोडाच असतो, नुसत्या आरएलवर ठेवलं तर रात्री साखर उतरते. मायक्रोड्रिप सेटवर ताशी मिली आणि मिनिटाचे थेंब हा एकच आकडा असतो, ही मोठी सोय.

एक इशारा. पहिल्या तासातच बीपी पडलेलं असेल तर त्याचा दोष भाजण्याला देऊ नका. भाजल्याचा शॉक काही तासांत हळूहळू येतो. स्फोट, उडी, पडणं, अपघात असेल तर पोटातला रक्तस्राव, मांडीचं हाड, छाती शोधा.

लघवी ठरवते, सूत्र नाही

फोलीज कॅथेटर टाका. जननेंद्रिय भाजलं असेल तर आधी टाका, सूज आल्यावर जात नाही. युरोबॅगवरच्या ५० मिलीच्या खुणांवर ताशी हिशोब नीट लागत नाही. मोजपात्र असलेली बॅग नसेल तर दर तासाला लघवी भांड्यात काढून मोजा आणि वेळेसह लिहा.

लक्ष्य प्रौढात ताशी अर्धा मिली दर किलोला, म्हणजे साधारण ३० ते ५० मिली. ३० किलोच्या आतल्या मुलात ताशी १ मिली दर किलोला. कमी झाली तर सलाईनचा दर पुढच्या तासासाठी २० ते ३० टक्क्यांनी वाढवा; जास्त झाली तर तेवढाच कमी करा. आपल्याकडे वाढवतात सगळे, कमी कुणी करत नाही. ताशी १०० मिली लघवी पाहून "किडनी छान चाललीये" असा शेरा मारून पुढे जातात, आणि तेच जादा पाणी संध्याकाळी सुजेत दिसतं.

दर वाढवायच्या ऐवजी मोठा बोलस (एकदम सोडलेलं सलाईन) सोडायचा नाही. बीपी खरोखर पडलं असेल तरच. गळक्या केशवाहिन्यांतून तो अर्ध्या तासात बाहेर जातो आणि फक्त सूज उरते. लघवी होत नाही म्हणून लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) तर अजिबात नाही. रुग्ण कोरडा आहे म्हणून लघवी नाही, आणि लॅसिक्स त्याला आणखी कोरडा करतं. आधी कॅथेटर अडकलाय का ते पाहा.

२४ तासांत किलोला २५० मिलीच्या दिशेने जाऊ लागलात (६० किलोला १५ लिटर), पोट ताठ झालं आणि लघवी घटली, तर पोटातला दाब वाढलाय. अशा वेळी सलाईन आणखी वाढवू नका, बर्न्स सेंटरला फोन करा.

वेदना, धनुर्वात, अँटिबायोटिक

दुखण्याचं औषध शिरेतूनच. मॉर्फीन किलोला ०.०५ ते ०.१ मिग्रॅ हळू, दर पाच-दहा मिनिटांनी पाहून पुन्हा. मॉर्फीन नसेल तर केटामाइन किलोला ०.२ ते ०.३ मिग्रॅ, दहा-पंधरा मिनिटांत सावकाश. दंडात किंवा कुल्ल्यात इंजेक्शन नको: शॉकमध्ये स्नायूंना रक्तच नसतं, औषध तिथेच पडून राहतं, दुखणं थांबत नाही म्हणून दुसरा डोस दिला जातो, आणि सलाईनने रक्ताभिसरण सुधारलं की दोन्ही डोस एकदम चढून श्वास मंदावतो. अस्वस्थ, बिछान्यावर हातपाय झाडणाऱ्या रुग्णाला झोपेचं औषध देण्याआधी ऑक्सिजन कमी आहे का आणि बीपी किती आहे ते पाहा.

टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) ०.५ मिली स्नायूत; लसीकरण झालेलं नसेल किंवा माहीत नसेल तर दुसऱ्या हातात टेटॅनस इम्युनोग्लोब्युलिन २५० ते ५०० युनिट. ताज्या जखमेत अँटिबायोटिक द्यायचं नाही. त्याने संसर्ग टळत नाही, फक्त पुढच्या आठवड्यात येणारे जंतू निगरगट्ट होतात. २० टक्क्यांच्या वर भाजलं असेल तर रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाका, कारण आतडी मंदावतात आणि पोट फुगतं. प्रवास लांबला तर तिच्यातूनच थोडं थोडं फीड सुरू करता येतं.

जखम झाकणं

रेफर करायचा रुग्ण असेल तर जखमेवर पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिन फासू नका. खालची खोली दिसत नाही, आणि बर्न्स वॉर्डात पोचल्यावर तो थर खरवडताना रुग्णाला दुसऱ्यांदा यातना होतात. स्वयंपाकघरात वापरतात तो पारदर्शक प्लास्टिक रॅप उत्तम. गुंडाळीचे पहिले काही सेंटिमीटर फेकून द्या, उरलेल्याचे तुकडे जखमेवर पसरून ठेवा. हाता-पायाभोवती गोल आवळून गुंडाळू नका. तो नसेल तर धुतलेली कोरडी चादर. ओली चादर नको. त्यावर अॅम्ब्युलन्सचा वारा लागला की शरीर गार पडतं. चेहऱ्यावर रॅप नाही, पातळ व्हॅसलिन.

इथेच ठेवायचा लहान जखमेचा रुग्ण असेल तर सलाईनने धुऊन, फुटलेली सुटी कातडी काढून, पॅराफिनची जाळी, त्यावर गॉज, गॅमजी पॅड आणि रोलर बँडेज. लहान, न फुटलेले फोड राहू द्या. मोठे, सांध्यावरचे किंवा फुटू पाहणारे निर्जंतुक कात्रीने उघडा. बोटं वेगवेगळी बांधा. एकत्र बांधली तर चिकटून भरतात.

सिल्व्हर सल्फाडायझिन दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला, दिवस भरत आलेल्या गरोदर बाईला आणि सल्फाची अॅलर्जी असलेल्याला नाही.

केळीच्या पानाचा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरून ते अर्धजाडीच्या जखमेवर चिकटत नाही आणि काढताना दुखत नाही हे दाखवलं आहे. पण ते निर्जंतुक करून वापरलेलं पान. परसातून तोडून आणलेलं नव्हे.

गोलाकार जळलेली कातडी

हात, पाय किंवा छाती पूर्ण गोलाकार, पूर्ण जाडीची भाजली असेल तर कडक कातडी पट्ट्यासारखी आवळते. आतली सूज वाढते, बाहेर फुगायला जागा नसते. दर तासाला बोटांचा रंग, नखाखालचं रक्त परतणं, बोटावरचं पल्स ऑक्सिमीटर पाहा. रुग्णाची बोटं आपण हलवताना खोल कळ येत असेल तर थांबू नका. आधी हात-पाय उशीवर उंच करा.

कातडी कापायची वेळ आली आणि प्रवास लांबचा असेल तर सेंटरच्या सर्जनशी फोनवर बोलून इथेच एस्कॅरोटॉमी करावी लागते. हाता-पायावर मधल्या बाजूच्या आणि बाहेरच्या बाजूच्या रेषेत, वरच्या चांगल्या कातडीपासून खालच्या चांगल्या कातडीपर्यंत, फक्त कातडीची पूर्ण जाडी. कडा फाकून पिवळी चरबी वर आली की पुरे. कोपराच्या आतल्या बाजूला अल्नर मज्जातंतू आणि गुडघ्याच्या बाहेर फिब्युलाच्या मानेवर पेरोनियल, या दोन जागी सांभाळून. छातीवर दोन्ही काखांच्या पुढच्या रेषेत आणि बरगड्यांच्या खाली आडवी जोडणारी. रक्त वाहतं, म्हणून कॉटरी आणि दाबायला गॉज तयार ठेवा.

वीज आणि रसायन

शेतातल्या मोटारीचा किंवा खांबावरचा शॉक असेल तर बाहेरची जखम आणि आतलं नुकसान यांचा संबंध नसतो. तळहातावर छोटा काळा खड्डा, तळपायावर दुसरा, आणि मधला अख्खा हात आतून शिजलेला. इथे टक्केवारी निरुपयोगी. ईसीजी काढा, मानेला कॉलर लावा, खांदा मागे निखळलाय का पाहा. लघवी चहाच्या किंवा कोकाकोलाच्या रंगाची झाली तर स्नायूंचे रंगद्रव्य किडनीत जातंय. सलाईन वाढवून ताशी ७५ ते १०० मिली लघवी ठेवा. हात ताठ, बोटं सरळ करताना किंचाळतो, तर त्याला कातडी नव्हे, स्नायूवरचं आवरण उघडावं लागतं, फॅसिओटॉमी. ती सेंटरची गोष्ट, लगेच पाठवा. घरातल्या साध्या विजेचा धक्का, शुद्ध हरपली नव्हती, ईसीजी नॉर्मल, जखम क्षुल्लक, तर घरी जाऊ शकतो.

अॅसिड किंवा कॉस्टिक सोड्याला पाणी, भरपूर पाणी, ३० मिनिटं ते तास-दोन तास. अल्कली आत मुरत राहतो, म्हणून त्याला जास्त वेळ. अॅसिडवर सोडा आणि सोड्यावर व्हिनेगर ओतायचं नाही, उष्णता निर्माण होते. चुनकळीची पूड असेल तर आधी कोरड्या फडक्याने झटका, मग पाणी. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या उलटून निदान अर्धा तास एनएसची धार. पापणीखाली चुन्याचे खडे अडकतात ते कापसाच्या काडीने काढा. धुण्याचं पाणी न भाजलेल्या अंगावरून वाहू देऊ नका आणि स्वतः ग्लोव्हज, चष्मा घाला.

केसपेपर आणि जबाब

हकीकत रुग्णाच्या शब्दांत, अवतरण चिन्हात लिहा, आणि कुणी सांगितली ते लिहा: स्वतः, नवरा, सासू, शेजारी. "स्टोव्हचा भडका" हे वाक्य सासरच्या माणसाने सांगितलं असेल तर तसंच नोंदवा. विवाहितेला निदान एकदा एकटीला भेटा, सिस्टरसोबत. रॉकेल किंवा पेट्रोलचा वास येतोय का, टाळूवर जखम आहे का, हे लिहा. कपडे कागदी पाकिटात सील करा. एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करून पोलिसांना कळवा. अॅसिड हल्ला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांवर मोफत उपचाराचं बंधन आहे.

मृत्यूपूर्व जबाबाची मागणी येते तेव्हा डॉक्टरचं काम दोन सह्यांचं: जबाबाआधी आणि जबाबानंतर, वेळेसह, की रुग्ण जबाब देण्याच्या मानसिक स्थितीत आहे. नुसतं "शुद्धीवर आहे" लिहिणं अपुरं. नाव, ठिकाण, वेळ विचारून उत्तरं नोंदवा. मॉर्फीन किती वाजता किती दिलं ते केसपेपरवर असू द्या, पण जबाबासाठी दुखण्याचं औषध रोखून धरू नका. दंडाधिकारी येईपर्यंत रुग्ण टिकेल असं वाटत नसेल तर डॉक्टरनेही जबाब लिहून घेता येतो. प्रमाणपत्र नसल्याने जबाब आपोआप बाद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात म्हटलं आहे. तरीही ते प्रमाणपत्र लिहिण्यात आळस नको.

मुलांत एक आकृती लक्षात ठेवा: दोन्ही पाय मोज्यासारखे एका सरळ रेषेपर्यंत पोळलेले, शिंतोड्यांचे डाग नाहीत. स्वतः बंबाचं पाणी ओढून घेतलेल्या मुलाची जखम तशी नसते.

कुणाला पाठवायचं, काय देऊन

१० टक्क्यांच्या वर अर्धजाडी, कुठलीही पूर्ण जाडी, चेहरा, हात, पाऊल, जननेंद्रिय, मोठे सांधे, वीज, रसायन, धूर, गोलाकार जखम, गरोदरपण, मधुमेह, संशयास्पद हकीकत: यांपैकी एक असलं तरी सेंटरशी बोला. आधी खाट आहे का विचारा. मुंबईत सायन आणि नवी मुंबईत ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर इथे त्वचापेढ्याही आहेत; सायनची २००० साली सुरू झालेली देशातली पहिली.

सोबतच्या चिठ्ठीत भाजल्याची वेळ, आल्याची वेळ, वजन, टक्केवारीचं चित्र, आतापर्यंत गेलेलं सलाईन मिलीमध्ये, दर तासाची लघवी, दिलेली औषधं वेळेसह, नळीची खूण किती सेंटिमीटरवर. प्रवासाला पुरेल एवढं आरएल आणि ऑक्सिजन मोजून भरा: ताशी ४०० मिलीच्या रुग्णाला तीन तासांच्या वाटेला तीन बाटल्या लागतात, चौथी जास्तीची.

घरी पाठवलेला लहान रुग्ण

ड्रेसिंग ४८ तासांनी उघडून खोली पुन्हा पाहायची. दहा-बारा दिवसांत भरायची चिन्हं नसतील तर सर्जनला दाखवा. तीन आठवडे उलटून गेले की व्रण जाड होतो आणि सांधा ओढतो. भरलेल्या जागेला खोबरेल किंवा व्हॅसलिनने दिवसातून दोन-तीनदा मालिश, आणि वर्षभर उन्हापासून जपणं.

आई-वडिलांना एक गोष्ट कागदावर लिहून द्या. चहाने तीन-चार टक्के पोळलेलं मूल दुसऱ्या ते चौथ्या दिवशी १०२ च्या वर तापलं, अंगावर लाल पुरळ आलं, उलट्या-जुलाब लागले आणि मलूल पडलं, तर जखम कितीही स्वच्छ दिसली तरी तासाभरात परत आणायचं. जखमेतल्या स्टॅफिलोकोकसच्या विषाने होणारा हा टॉक्सिक शॉक असू शकतो. कॅज्युअल्टीतला डॉक्टर स्वच्छ जखम पाहून "व्हायरल आहे" म्हणून परत पाठवतो, म्हणून चिठ्ठीवर भाजल्याची तारीख आणि "टॉक्सिक शॉकचा विचार करावा" हे शब्द आधीच लिहिलेले असावेत. ताबडतोब भरती, सलाईन, ड्रेसिंग उघडून जखम धुणं आणि स्टॅफिलोकोकसवर चालणारं अँटिबायोटिक शिरेतून.